दोन किलोचे साठ किलो कसे होतात?

"हे टाकून बघा साहेब. दहा बीएचपी कुठे गेले नाहीत. फिरणारं वजन कमी केलं की गाडी कशी मोकळी होते!"

गॅरेजवाल्याने हे इतक्या सहज सांगितलं की माझा मावसभाऊ तिथेच विरघळला. दादा पंचवीसचा. पहिल्या नोकरीचा पहिला बोनस हातात, ५५ हजार, आणि दारात सेकंडहँड घेतलेली जुनी पेट्रोल स्विफ्ट. गॅरेजवाल्याचं पॅकेज दोन भागांचं होतं. १४ इंची लोखंडी चाकं काढून १७ इंची अलॉय टाकायचे आणि गिअरबॉक्स उतरवून आतलं फ्लायव्हील लेथवर कापून हलकं करायचं. बोनस सगळा तिथेच संपणार होता.

मी या भानगडीत पडले ती मावशीमुळे. "तू पेपरात आहेस ना आता? मग जरा चौकशी कर. हा पैसे पाण्यात घालतोय." मी इंटर्न आहे, माझ्याकडे एरवी कॉलेज फेस्टच्या प्रेसनोट येतात, हे तिला कितीदा सांगितलं तरी पटत नाही. पण प्रश्न मलाही छळायला लागला. रील्सवर, कट्ट्यावर, पार्किंगमध्ये सगळीकडे हेच ऐकू येतं, की हलकी चाकं टाका, हलकं फ्लायव्हील टाका, पॉवर वाढते. खरंच वाढते का? आणि वाढत नसेल तर गाडी पळते ती कशाने?

मावशीचा वजनकाटा

सुरुवात मी सगळ्यात सोप्या गोष्टीपासून केली. मावशीने डाएटसाठी घेतलेला आणि आठवड्याभरात कॉटखाली गेलेला वजनकाटा उचलला आणि थेट गॅरेज गाठलं. काट्यावर आधी दादा एकटा उभा राहिला, मग चाक कवटाळून उभा राहिला, आणि मी वजाबाकी केली. गॅरेजमधली पोरं हसत होती. हसू दे.

दादाच्या गाडीची स्टेपनी टायरसकट भरली १४ किलो २००. डिस्प्लेला ठेवलेलं १७ इंची अलॉय टायरसकट भरलं १९ किलो ३००. एका चाकामागे पाच किलो जास्त, चार चाकांचे वीस!

म्हणजे 'हलके अलॉय' मुळात जड निघाले. यात जादू काही नाही. ॲल्युमिनिअम लोखंडापेक्षा हलकं असतं हे खरं, पण ते त्याच मापात. १४ वरून १७ वर गेलात की धातू वाढतो, टायरही रुंद होतो. मोठी चाकं दिसायला भारी असतात आणि काट्यावरही भारीच भरतात.

गॅरेजवाला म्हणाला, "वीस किलोने काय होतंय ताई? एक सिलिंडर ठेवला डिकीत असं समजा." इथेच त्याचं चुकलं. डिकीतले वीस किलो आणि चाकाच्या कडेवरचे वीस किलो एकसारखे नसतात.

माझ्या आजोबांकडे बैलगाडी होती. तिच्या चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात. गाडी हलवायची तर त्या धावेला दोन कामं करावी लागतात. एक म्हणजे गाडीबरोबर पुढे जायचं आणि दुसरं म्हणजे स्वतःभोवती फिरायचं. गाडीत ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्याला फक्त पुढे जायचंय, गिरक्या घ्यायच्या नाहीत. म्हणून एक किलो पोत्याला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास दुप्पट धावेच्या एका किलोला लागते. बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा होता. तेव्हा मी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला, मग मास कॉमला आले आणि विसरले. 'मोमेंट ऑफ इनर्शिया' नावाचं जे काही आपण रट्टा मारून पास केलं, ते नेमकं हे आहे. वजन किती यापेक्षा ते आसापासून किती लांब आहे याला जास्त किंमत, आणि तीही अंतराच्या वर्गाने. तेच वजन दुप्पट लांब गेलं की फिरवायला चौपट जड.

त्यामुळे चाकाच्या मध्यभागी, नटबोल्टांपाशी असलेला किलो जवळपास एका किलोचाच राहतो. रिमच्या कडेवरचा साधारण दीड किलोसारखा वागतो आणि टायरच्या बाहेरच्या थरातला दोन किलोसारखा. याच्या वर नाही. 'चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ती थाप आहे. चाकाच्या बाबतीत दोनची मर्यादा आहे, कारण चाक आणि रस्ता यांच्यामध्ये कुठलाही गिअर नसतो.

दादाच्या वीस किलोंना मी दीडपटीपेक्षा थोडं जास्त धरलं. आले साधारण ३३ किलो. गाडी आणि दादा मिळून हजार-एक हजार चाळीस किलो. म्हणजे पिकअपमध्ये तीन टक्के तोटा. गाडीच्या ८३ बीएचपीच्या आसपासच्या इंजिनाचे तीन टक्के काढले तर अडीच बीएचपी. पॅकेजच्या पहिल्या भागाने गाडीत दहा बीएचपी येणार नव्हते, उलट अडीच गेल्यासारखं वाटणार होतं. शिवाय ब्रेकलाही तेवढं जास्त थांबवावं लागणार आणि खड्ड्यात टायरची पातळ भिंत अलॉयला वाचवणार नाही, ते वेगळंच. पुण्यात राहून ४५ प्रोफाइलचे टायर टाकणाऱ्यांच्या हिमतीला माझा सलाम.

रसवंतीचं चाक

आता पॅकेजचा दुसरा भाग. हा मात्र मला वाटला त्यापेक्षा बराच खरा निघाला.

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये क्रँकशाफ्टला बोल्टने आवळलेली जाड धातूची तबकडी. ती कशाला असते हे बघायचं असेल तर उन्हाळ्यात रसवंतीवर उभं राहा. उसाच्या चरख्याला एक मोठं जड चाक असतं. ऊस सरळ जातो तोवर काही वाटत नाही. मधे पेर आलं की अडायला हवं, पण चरखा अडत नाही, कारण त्या चाकाने आधी साठवलेली गती तो अवघड क्षण ओढून नेते. इंजिनातही तसंच. पिस्टनला धक्का मिळतो तो टप्प्याटप्प्याने. दोन धक्क्यांमधली पोकळी फ्लायव्हील भरून काढतं.

पण साठवायचं तर आधी भरावं लागतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा इंजिन गाडीला ढकलतं आणि त्याच वेळी स्वतःच्या या तबकडीलाही वेगाने फिरवत असतं. जो जोर तबकडीत गेला तो त्या क्षणी रस्त्यावर आला नाही.

आता गंमत बघा. चाक रस्त्याच्या तालावर फिरतं, फ्लायव्हील इंजिनाच्या तालावर. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होतो तेव्हा इंजिनाचे साधारण चौदा झालेले असतात. ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने वाढते आणि चौदाचा वर्ग १९६. मी एका संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. समजा, फ्लायव्हीलच्या कडेवरून, म्हणजे मध्यापासून साडेअकरा सेंटिमीटरवरून, दोन किलो धातू काढला. गाडीच्या चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर. उत्तर आलं ६० किलोच्या वर. मी परत केलं. परत तेच.

पहिल्या गिअरमध्ये फ्लायव्हीलवरचे दोन किलो काढणं म्हणजे शेजारच्या सीटवरून एक धडधाकट मित्र उतरवण्यासारखं आहे!

दुसऱ्या गिअरमध्ये तेच दोन किलो वीसच्या आसपास उरतात, तिसऱ्यात नऊ. आणि पाचव्यात, जिथे इंजिन चाकाच्या फक्त तिप्पट फिरतं, तिथे जेमतेम तीन किलो. म्हणजे एक्स्प्रेसवेवर शंभराच्या वेगाने ओव्हरटेक करताना फ्लायव्हील हलकं असलं काय नि जड असलं काय, दोन-तीन पाण्याच्या बाटल्यांचा फरक. फायदा सगळा सुरुवातीच्या पन्नास-साठच्या वेगात.

स्थिर वेगात तर फरक शून्य. एकदा तबकडी फिरायला लागली आणि वेग वाढायचा थांबला की ती इंजिनाकडे काही मागत नाही. त्यामुळे हलक्या पार्टने टॉप स्पीड वाढला असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

मग डायनोवर आकडा कसा वाढतो?

हा दादाचा प्रश्न, आणि रास्त होता. त्याच्याकडे गॅरेजवाल्याने पाठवलेले दोन ग्राफ होते, एका दुसऱ्या गाडीचे. फ्लायव्हील बदलायच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरची रेघ खरोखर वर होती. "मग हे काय खोटं आहे का?"

खोटं नाही. पण ते मशीन नेमकं काय मोजतं ते बघायला हवं. ट्युनिंग गॅरेजमध्ये बरेचदा जो डायनो असतो त्यात गाडीची चाकं एका जड पिंपावर ठेवतात. फुल थ्रॉटल दिलं की चाकं पिंप फिरवतात. पिंपाचं जडत्व आधीच माहीत असतं, त्यामुळे ते किती झपाट्याने वेग घेतंय त्यावरून कॉम्प्युटर पॉवर काढतो. मशीनला फक्त पिंपापर्यंत पोचलेली ताकद कळते. इंजिनाने वाटेत स्वतःचं फ्लायव्हील, क्लच, चाकं फिरवायला जे खर्च केलं ते त्याला दिसत नाही. तो खर्च कमी झाला की पिंपापर्यंत जास्त पोचतं आणि आकडा वाढतो.

किती वाढतो? तेही काढून बघितलं. इंजिन सहा सेकंदांत २००० वरून ६५०० आरपीएमला गेलं असं धरा. दोन किलोवाल्या हलक्या फ्लायव्हीलने ६००० आरपीएमला वाचलेली ताकद येते साधारण पावणेदोन बीएचपी. दहा नाही, पावणेदोन. आणि तीसुद्धा इंजिनात निर्माण झालेली नाही, आधी तबकडीत अडकत होती ती सुटली. दुसऱ्या प्रकारच्या डायनोवर, जो इंजिनाला ब्रेक लावून एका आरपीएमवर स्थिर धरतो आणि मग मोजतो, तिथे हा फरक दिसणारच नाही. पेट्रोल तेवढंच, हवा तेवढीच, स्फोट तेवढाच. पॉवर कुठून येणार?

मला हे पगारासारखं वाटतं. पगार वाढलेला नाही, ऑफिसला जायचं भाडं वाचलंय. महिन्याच्या शेवटी खिशात जास्त उरतात हे खरं, पण ऑफर लेटरवरचा आकडा तोच. (माझ्या बाबतीत ऑफर लेटरवर आकडाच नाही, ते सोडा.)

पंचाहत्तर मीटरची शर्यत

ज्यांच्यासाठी ही बचत खरोखर जीव की प्राण असते अशा लोकांत माझी शाळेतली एक मैत्रीण आहे. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये पॉवरट्रेन बघते. ही पोरं स्वतः एक छोटी रेसकार बांधतात आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला नेतात. तिथे ॲक्सिलरेशनचा एक वेगळा इव्हेंट असतो, थांबलेल्या गाडीने सरळ ७५ मीटर. संपलं. चार-पाच सेकंदांचा खेळ.

"पंचाहत्तर मीटरमध्ये टॉप गिअर येतो कुठे?" ती म्हणाली. "सगळं खालच्या गिअरमध्येच घडतं. म्हणून आमच्यासाठी फिरणारा प्रत्येक ग्रॅम महाग."

त्यांच्या गाडीत केटीएम ३९० चं एक सिलिंडरचं इंजिन आहे. अनेक भारतीय टीम्स तेच वापरतात, आणि ते बनतं आपल्या चाकणला. बऱ्याच टीम्सनी १३ इंची चाकं सोडून १० इंची घेतली. रस्त्यावरची पोरं चाकं मोठी करतायत आणि रेसमधली पोरं छोटी करतायत, हे मला फार आवडलं. तिच्या टीमने मागचं स्प्रॉकेट, ब्रेक डिस्क, हब असं सगळं पोखरून काढलंय. तिने दाखवलेलं स्प्रॉकेट चकलीच्या सोऱ्यातल्या चकतीसारखं दिसत होतं.

"आणि फ्लायव्हील?" मी विचारलं.

"त्याला हात लावला होता. परत होतं तसं केलं."

कारण ऐकण्यासारखं होतं. सुटताना ड्रायव्हर इंजिनचे आरपीएम चढवतो आणि क्लच सोडतो. त्या क्षणी जड भागात साठलेली ऊर्जा एकदम चाकांकडे येते आणि गाडीला पहिला रेटा मिळतो. त्यांनी वजन इतकं कमी केलं की रेटाच मिळेना, आरपीएम धपकन पडायचे आणि गाडी बंद. सरावात तीन ड्रायव्हर्सपैकी दोघांची पुन्हापुन्हा बंद पडली. "कागदावर वेळ वाचत होता. ट्रॅकवर आम्ही किक मारत बसल्यासारखे दिसत होतो."

वजनाची बाजू

म्हणून जड फ्लायव्हीलला शिव्या घालण्याआधी बुलेट आठवा. जुन्या रॉयल एनफिल्डच्या इंजिनात फिरणारं वजन भरपूर. म्हणून ती एवढ्या कमी आरपीएमवर, प्रत्येक ठोका मोजता येईल अशी, धड-धड-धड चालते आणि बंद पडत नाही. वरच्या गिअरमध्ये हळू नेली तरी कुरकुर करत नाही. मूठ पिळल्यावर मात्र ती आधी विचार करते, मग निघते. केटीएमचं उलट. मूठ पिळली की सुटलीच, पण सिग्नलला क्लच जरा गडबडीत सोडला की गप्प. दोन्हींचे भक्त एकमेकांना नावं ठेवतात, आणि दोघांच्या प्रेमामागे बऱ्याच अंशी फिरणाऱ्या वजनाचा हिशेब आहे.

दादा रोज हिंजवडीला जातो. संध्याकाळी परतताना पाऊण तास क्लचवर पाय. त्या गर्दीत हलकं फ्लायव्हील म्हणजे दर दहा मीटरला आरपीएम सांभाळायची कसरत, आणि एसी चालू असेल तर आयडलला इंजिनाची थरथर.

पैसा आणि डोकं दोन्ही मुबलक असणाऱ्या कंपन्या हे कसं करतात? लेक्सस एलएफएचं व्ही-१० इंजिन आयडलवरून ९००० आरपीएमला ०.६ सेकंदात पोचायचं. काट्याच्या मीटरला ते पकडता येईना, म्हणून त्यात डिजिटल मीटर बसवावा लागला. मॅकलरेन एफ-१ घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांच्या टी.५० चं कॉसवर्थ व्ही-१२ तर १२,१०० आरपीएमपर्यंत जातं, आणि सेकंदाला २८ हजार आरपीएमच्या दराने चढतं. फोर्डने मस्टँग शेल्बी जीटी-३५०आरला कंपनीतूनच कार्बन फायबरची चाकं दिली, एकेक साधारण आठ किलोचं. तेवढंच ॲल्युमिनिअमचं पंधराच्या आसपास भरलं असतं.

पण पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर काढली, तेव्हा हलकं सिंगल-मास फ्लायव्हील सरसकट सगळ्यांच्या माथी मारलं नाही. ज्याला हवं त्याने ऑप्शन म्हणून घ्यावं. कारण नेहमीच्या डबल-मास फ्लायव्हीलच्या आत स्प्रिंगा असतात, त्या इंजिनाचे झटके गिळतात. त्या काढल्या की न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो. पोर्शे घेणाऱ्यालासुद्धा खडखडाट चालणार आहे का, हे आधी विचारावं लागलं. आमच्या गॅरेजवाल्याने दादाला विचारलं नव्हतं.

"बीड वाकत नाही, तुटतं"

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. पॅकेजमध्ये नवीन फ्लायव्हील नव्हतं. दादाचं मूळ फ्लायव्हील कापून हलकं करायचं होतं. पॉवर वाढते का हा माझा प्रश्न तोवर सुटला होता. हा दुसरा प्रश्न विचारायला मी भोसरीत एका लेथवाल्या काकांकडे गेले. तीस वर्षं तेच काम, हाताच्या रेघांत काळं तेल कायमचं मुरलेलं.

"कापून देऊ की. दीड तासाचं काम," ते म्हणाले. "पण पोरी, हे बीडाचं असतं. बीड वाकत नाही, तुटतं. कुठून किती काढलं, कोपरा किती धारदार ठेवला, परत बॅलन्स केलं का, हे बघायला लागतं. गॅरेजवाले येतात, म्हणतात दोन किलो काढा. कुठून काढू विचारलं तर म्हणतात, कुठूनबी काढा."

'कुठूनबी' म्हणजे काय याचा हिशेब मी परत घरी येऊन केला. ६००० आरपीएमला फ्लायव्हीलची कड ताशी जवळपास २९० किलोमीटर वेगाने फिरत असते. त्या कडेवरच्या एक ग्रॅम धातूला बाहेर फेकणारा जोर पाच किलोच्या वजनाएवढा असतो. एका ग्रॅमला पाच किलो! तिथे टूलने एखादी खाच राहिली, बारीक चीर आधीपासून असली, किंवा क्लच सतत घसरून ती जागा तापत राहिली, तर बीड आधी सूचना देत नाही. आणि ती तबकडी असते कुठे? ड्रायव्हरच्या पायांपासून फार लांब नाही.

ही भीती मी उगाच घालत नाही. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगच्या सुरुवातीच्या दशकांत क्लच आणि फ्लायव्हील फुटून तुकडे गाडीच्या पत्र्यातून आरपार गेल्याचे अपघात झाले. त्यातूनच तिथे फ्लायव्हीलभोवती स्कॅटरशील्ड नावाचं जाड पोलादी कवच आलं, आणि रेससाठी फ्लायव्हील पोलादाचं किंवा ॲल्युमिनिअमचं, चाचणी होऊन प्रमाणित झालेलं असावं असे नियम आले. रेसमधली फ्लायव्हील्स हलकी असतात ती मुळापासून तशी डिझाइन केलेली म्हणून. जुनं बीडाचं चाक कुरतडून ती बनत नाहीत.

अशीच एक फसवी गोष्ट म्हणजे क्रँकची हलकी पुली. रंगीत ॲनोडाइज्ड, फोटोत मस्त दिसते. पण बऱ्याच गाड्यांत मूळ पुलीच्या आत रबराची कडी असते आणि ती क्रँकशाफ्टचे पिळासारखे कंप शोषते. ती काढून भरीव ॲल्युमिनिअमची पुली टाकली की तीनशे-चारशे ग्रॅम वाचतात, तेही मध्याच्या जवळचे, म्हणजे जवळपास फुकटचे. कंप मात्र क्रँकच्या वाट्याला येतो.

इन्शुरन्सचा मुद्दा मी दादापुढे शेवटी काढला. कंपनीला न कळवता असे बदल केले आणि उद्या क्लेम करायची वेळ आली, तर उत्तरं कोण देणार? गॅरेजवाला तेव्हा फोन उचलेल यावर माझा विश्वास नाही.

काटा परत निघाला

दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग एका रात्री मेसेज आला, "१४ इंचीच ठेवले पण हलके अलॉय घेतले तर?" मी फक्त लिहिलं, "काटा घेऊन जाऊ."

रविवारी आम्ही नाना पेठेत. दुकानदाराला वाटलं आम्ही थट्टा करतोय. "अहो, लोक डिझाइन बघतात, पीसीडी बघतात, ईएमआय बघतात. वजन कोण बघतं?" तीन डिझाइन्स काट्यावर चढली. सगळ्यात देखणं होतं ते सगळ्यात जड निघालं, दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी एक साधं, पातळ आऱ्यांचं पसंत पडलं. दुकानदाराने दादाचा जुन्याच मापाचा टायर त्यावर चढवून दिला आणि स्वतःच उत्सुकतेने वाकून बघायला लागला.

१२ किलो ३००. स्टेपनीपेक्षा एक किलो ९०० कमी. चार चाकांचे साडेसात किलो, कडेवरचा हिशेब धरून अकरा-बारा. एका टक्क्याच्या आसपास. शून्य ते शंभरला गाडी बारा सेकंद घेत असेल तर सेकंदाचा आठवा-नववा भाग वाचणार, आणि तो मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दाखवता येईल की नाही याचीच मला शंका आहे. मी हे दादाला तोंडावर सांगितलं.

"माहितीय," तो म्हणाला. "पण उलटे अडीच बीएचपी तर विकत घेत नाहीये ना."

बोनसमधले तीसेक हजार उरले. त्यातून ब्रेक पॅड, चारही टायर नवे आणि अलाइनमेंट झालं. फ्लायव्हील जिथे होतं तिथेच आहे, पूर्ण वजनाचं. परवा मावशीने काट्याबद्दल विचारलं तेव्हा कळलं की तो दादाच्या डिकीत आहे. डिकीतली जुनी टूलकिट, दोन क्रिकेट बॅटी आणि कुणाचं तरी विसरलेलं डंबेल त्यावर ठेवून त्याने बेरीज केली होती. अकरा किलो भरलं म्हणे.